कंपनीकडे काम नसेल तेव्हा : ले-ऑफमधील कामगारांचे हक्क, पायरीपायरीने

ऑर्डर थांबली, कच्चा माल आला नाही, मुख्य मशिन बंद पडले किंवा तयार मालाने गोदाम भरले, म्हणून कंपनी कामगाराला काम देऊ शकत नाही, त्या अवस्थेला कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणतात. यात नोकरी संपत नाही. कामगाराचे नाव मस्टरवर कायम असते, सेवा चालू राहते आणि ठरावीक अटी पूर्ण होत असतील तर त्या दिवसांची भरपाई देणे मालकाला बंधनकारक असते. चाकण, रांजणगाव, भोसरी, नाशिकचे अंबड आणि सातपूर, छत्रपती संभाजीनगरचे वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत ही वेळ बहुधा सुट्या भागांच्या कारखान्यांवर आधी येते, कारण वाहन कंपनीने महिन्याचे उत्पादन कमी केले की तिला माल पुरवणाऱ्यांच्या ओळी लगेच रिकाम्या पडतात.

मी अशाच एका कारखान्यात मशिन ऑपरेटर आहे आणि आमच्याकडे ले-ऑफ लागला तेव्हा युनियनच्या कमिटीत असल्यामुळे सहकाऱ्यांचे अर्ज, हिशेब आणि कामगार कार्यालयातील फेऱ्या यांत माझा सहभाग होता. त्या काळात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. ज्यांचा हक्क बुडाला, त्यांचा तो कायद्यात नव्हता म्हणून बुडाला नाही. रोजची हजेरी सिद्ध करता आली नाही किंवा नको त्या कागदावर सही झाली म्हणून बुडाला. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये हजेरी आणि कागद यांवर मी अधिक जागा दिली आहे.

१. हा ले-ऑफच आहे का, हे आधी ठरवा

नोटीस बोर्डावर ‘प्लांट शटडाउन’, ‘ब्लॉक क्लोजर’, ‘नो प्रॉडक्शन डे’ असे काहीही लिहिलेले असू शकते. नाव काय दिले आहे याला फारसे महत्त्व नाही. कारण काय दिले आहे ते वाचा. कोळसा, वीज किंवा कच्च्या मालाचा तुटवडा, मालाचा साठा, यंत्रातील बिघाड, नैसर्गिक आपत्ती किंवा यांच्याशी निगडित कारण असेल आणि तुमचे नाव मस्टरवर असूनही काम दिले जात नसेल, तर तो ले-ऑफ आहे.

यापासून तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. मागण्यांच्या वादातून कामगारांवर दबाव आणण्यासाठी मालकाने दार बंद केले तर ती टाळेबंदी होते आणि तिचे नियम निराळे आहेत. कामगाराला कायमचे कमी केले तर ती कपात होते. संपूर्ण कारखाना कायमचा बंद केला तर त्याचीही कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. नोटिशीतील शब्द मोघम असतील तर ‘आम्हाला कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेपर्यंत काम दिले जाणार नाही, हे लेखी कळवावे’ असा दोन ओळींचा अर्ज एचआर विभागाला द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आले नाही तरी तुम्ही विचारणा केल्याचा पुरावा तयार होतो.

‘ब्लॉक क्लोजर’बद्दल विशेष सांगायला हवे. अनेक कारखान्यांत युनियन आणि व्यवस्थापन यांच्या वेतन करारातच वर्षातील काही दिवस उत्पादन बंद ठेवण्याची, आणि त्या बदल्यात रजा वळती करण्याची किंवा नंतर सुट्टीच्या दिवशी काम करून भरून काढण्याची तरतूद असते. तुमच्या करारात असे कलम असेल तर त्या दिवसांचा हिशेब त्या कलमाप्रमाणे होईल. म्हणून चालू वेतन कराराची प्रत स्वतःजवळ असणे आवश्यक आहे. ती युनियनकडे मिळते.

२. कोणता कायदा लागू आहे आणि तुम्ही त्यात बसता का

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अंमलात आली आणि तिने औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ची जागा घेतली. तुमचा ले-ऑफ त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा पाहावा लागेल. भरपाईचा मूळ नियम दोन्हींमध्ये जवळपास सारखाच आहे. जुन्या कायद्यात तो कलम २५-सी मध्ये होता, संहितेत तो कलम ६७ मध्ये आहे. जुन्या कलमाचा उल्लेख असलेली नोटीस हातात पडली तर गोंधळू नका, पण आपल्या अर्जात योग्य कायद्याचे नाव लिहा.

ले-ऑफची भरपाई कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागू होते. आधीच्या महिन्यात तिथे रोज सरासरी ५० किंवा अधिक कामगार असले पाहिजेत आणि काम हंगामी स्वरूपाचे नसले पाहिजे. (साखर कारखान्यातील हंगामी कामगारांना बिगर हंगामात मिळणारा रिटेन्शन अलाउन्स हा वेगळा विषय आहे, तो या भरपाईत मिसळू नये.) तुमच्याबाबतीत पुढील गोष्टी तपासा.

तुमचे नाव कंपनीच्या मस्टरवर असले पाहिजे आणि तुम्ही बदली (म्हणजे दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारे) किंवा नैमित्तिक कामगार नसले पाहिजे. मात्र बदली कामगाराने एक वर्षाची सलग सेवा पूर्ण केली असेल, तर या कारणासाठी त्याला बदली मानता येत नाही. हा मुद्दा अनेक वर्षे ‘बदली’ म्हणून राबणाऱ्यांच्या फार उपयोगाचा आहे आणि तो त्यांना कोणी आपणहून सांगत नाही.

एक वर्षाची सलग सेवा म्हणजे मागील १२ महिन्यांत २४० दिवस काम; जमिनीखालील खाणीत ही मर्यादा १९० दिवसांची आहे. या २४० दिवसांत पगारी रजा, कामावर झालेल्या अपघातामुळे घेतलेली रजा, प्रसूती रजा आणि आधी नियमानुसार झालेल्या ले-ऑफचे दिवसही मोजले जातात. पगारी साप्ताहिक सुट्ट्याही यात धरायच्या असतात. त्यामुळे ‘तुमचे २४० भरत नाहीत’ असे कोणी तोंडी सांगितले तर मान डोलावू नका. पगारचिठ्ठ्या घेऊन बसा आणि स्वतः मोजा.

तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसायला हवे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, तसेच दरमहा १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक त्यातून वगळलेले आहेत. येथे पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते. ‘ज्युनिअर ऑफिसर’ हे पद देऊन दिवसभर मशिनवर उभे केले जात असेल, तर तुम्ही रोज काय करता याचे पुरावे, म्हणजे जॉब कार्ड, उत्पादन नोंदी, शिफ्टचे तक्ते, जपून ठेवा.

अप्रेंटिस या तरतुदीत येत नाहीत. कंत्राटी कामगारांचा कागदोपत्री मालक कंत्राटदार असतो, म्हणून त्यांनी प्रत्येक अर्ज कंत्राटदाराच्या नावे करून त्याची प्रत मूळ कंपनीलाही द्यावी. केलेल्या कामाचे वेतन कंत्राटदाराने थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ही थकबाकी ले-ऑफच्या मागणीत न मिसळता स्वतंत्र अर्जात मागावी.

३. कारखान्यात ३०० किंवा अधिक कामगार असतील तर परवानगीचा कागद मागा

मागील १२ महिन्यांत रोज सरासरी ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ देण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. जुन्या कायद्यात ही संख्या १०० होती. वीजटंचाई आणि नैसर्गिक आपत्ती यांमुळे झालेला ले-ऑफ याला अपवाद आहे. परवानगीच्या अर्जाची प्रत संबंधित कामगारांनाही द्यावी लागते आणि निर्णयाआधी सरकारने कामगारांचे म्हणणे ऐकून घेणे अपेक्षित असते. अर्ज केल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला गेला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणून प्रत हातात पडताच हरकती लेखी दाखल करा, सुनावणीची तारीख निघेल म्हणून थांबू नका. हरकतीत भावना कमी आणि वस्तुस्थिती जास्त असू द्या: याच काळात बाहेरून जॉबवर्क करून घेतले जात आहे का, नवीन कंत्राटी भरती चालू आहे का, कोणत्या लाइनवर ओव्हरटाइम सुरू आहे. अशा नेमक्या, तारखांसह दिलेल्या गोष्टींचा विचार होतो.

परवानगी न घेता किंवा नाकारल्यानंतरही ले-ऑफ दिला, तर तो पहिल्या दिवसापासून बेकायदेशीर ठरतो आणि ले-ऑफ झालाच नाही असे धरून कामगाराला पूर्ण वेतन व लाभ मिळतात. अशा उल्लंघनासाठी मालकाला १ लाख ते १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

४. पहिल्या दिवशी दोन तासांचा नियम लक्षात ठेवा

नोटीस न लावता काम नाकारले जाते तेव्हा हा नियम उपयोगी पडतो. समजा, तुमची पहिली पाळी सकाळी ७ वाजता सुरू होते. तुम्ही ७ वाजता गेटवर आहात, पंचिंग झाले आहे, सुपरवायझर म्हणतो, ‘मटेरियल नाही, थांबा.’ हजर झाल्यापासून दोन तासांत, म्हणजे ९ वाजेपर्यंत, काम दिले नाही तर त्या दिवसापुरता तुमचा ले-ऑफ झाला असे कायदा मानतो.

पाळी सुरू होतानाच ‘दुसऱ्या अर्ध्यात या’ असे सांगितले आणि तुम्ही त्या वेळी गेल्यावर काम मिळाले, तर ले-ऑफ अर्ध्या दिवसाचाच धरला जातो. पण त्या वेळी जाऊनही काम मिळाले नाही, तर दिवसाच्या त्या भागाचे पूर्ण मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळाला पाहिजे. तो भाग ले-ऑफमध्ये ढकलता येत नाही. आमच्याकडे पगारचिठ्ठ्या तपासताना सर्वात जास्त चुका याच ठिकाणी आढळल्या, कारण हजेरीच्या प्रणालीत असा दिवस सरसकट ‘एल-ओ’ म्हणून नोंदला जात होता.

५. ले-ऑफ असला तरी रोज एकदा हजर व्हा

नवख्या कामगाराचे सर्वात मोठे नुकसान या पायरीवर होते. काम नाही म्हटल्यावर गावी निघून जाणे स्वाभाविक वाटते. परंतु ले-ऑफच्या काळात नेहमीच्या कामाच्या वेळेत, ठरवून दिलेल्या वेळी, दिवसातून किमान एकदा कारखान्यात हजर न झालेल्या कामगाराला त्या दिवसाची भरपाई मिळत नाही. दुसरीकडे रोजंदारी पकडली आणि हजेरीला गेला नाही, तरी परिणाम तोच.

कायद्याने मालकावरही जबाबदारी टाकली आहे. ले-ऑफ असला तरी मस्टर चालू ठेवणे आणि हजर होणाऱ्या कामगारांची त्यात नोंद करण्याची सोय करणे हे मालकाचे काम आहे. प्रत्यक्षात मात्र गेटवर सुरक्षारक्षक असतो, पंचिंग मशिन आतल्या बाजूला असते आणि ‘तुम्हाला आत सोडायचे नाही असे सांगितले आहे’ एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी वाद घालू नका, पुढील क्रम पाळा.

सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत नाव, टोकन नंबर आणि वेळ लिहून सही करू द्या असे सांगा. नकार मिळाला तर एका साध्या कोऱ्या वहीत त्या दिवसाची तारीख, हजर झाल्याची वेळ, कोणी काय सांगितले हे लिहा आणि सोबतच्या दोन-तीन कामगारांच्या सह्या घ्या. आमच्या कमिटीने अशी एक दोनशेपानी वही गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवली होती; प्रत्येक पाळीचा कामगार आला की आधी वहीत सही आणि मग चहा. पुढे कामगार कार्यालयात व्यवस्थापनाच्या वकिलाने हजेरीवर प्रश्न घेतला तेव्हा साहेबांनी सर्वांत आधी तीच वही उघडून पाहिली. त्याच दिवशी संध्याकाळी एचआरच्या अधिकृत ईमेलवर एक ओळ पाठवा: ‘आज अमुक वेळी गेटवर हजर झालो, काम देण्यात आले नाही.’ ईमेल नसेल तर आठवड्यातून एकदा सर्व तारखा लिहून स्पीड पोस्टने पत्र पाठवा आणि पावती जपून ठेवा. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे पोस्टात गेल्यावर स्पीड पोस्टसोबत नोंदणी आणि पोचपावती मागा.

‘अमुक तारखेपर्यंत गेटवर येऊ नये’ असे कंपनीने लेखी दिले असेल तर तो कागद हजेरीइतकाच मोलाचा आहे. तोंडी सांगितले असेल तर मात्र त्यावर विसंबून घरी बसू नका.

६. भरपाईचा हिशेब स्वतः करा

साप्ताहिक सुट्ट्या वगळून ले-ऑफच्या सर्व दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के रक्कम मिळते. ले-ऑफ सलग असो किंवा अधूनमधून, दर तोच आहे. बोलताना सगळे ‘निम्मा पगार’ म्हणतात, पण हातात येणारी रक्कम निम्म्याहून बरीच कमी असू शकते, आणि घरखर्चाचे गणित बसवण्यासाठी हे आधीच कळलेले बरे.

एक उदाहरण घेऊ. मूळ वेतन १४,००० रुपये, महागाई भत्ता ४,००० रुपये, घरभाडे, प्रवास आणि इतर भत्ते मिळून ९,००० रुपये; एकूण २७,००० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचा रोजचा दर १८,००० भागिले २६, म्हणजे ६९२ रुपये ३१ पैसे होतो. त्याचे ५० टक्के म्हणजे ३४६ रुपये १५ पैसे. ले-ऑफचे १२ दिवस असतील तर भरपाई सुमारे ४,१५४ रुपये. त्याच १२ दिवसांचे एकूण पगाराच्या दराने सुमारे १२,४६२ रुपये झाले असते. म्हणजे या कामगाराला एरवीच्या पगाराच्या एक तृतीयांश रक्कमच मिळते. ज्यांच्या पगारात मूळ वेतन लहान आणि भत्ते फुगवलेले आहेत, त्यांची अवस्था याहून बिकट असते. वेतन कराराच्या वाटाघाटीत मूळ वेतन आणि महागाई भत्ता वाढवण्याचा आग्रह जुने कामगार का धरतात, ते अशा वेळी समजते.

पगारचिठ्ठीवर ले-ऑफचे दिवस आणि भरपाई स्वतंत्र रकान्यात दाखवली आहे का ते पाहा. ते दिवस ‘गैरहजर’ किंवा ‘विनावेतन रजा’ म्हणून दाखवले असतील तर त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या, कारण ती नोंद पुढे २४० दिवसांच्या आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबात तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. ले-ऑफमुळे ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा खंडित होत नाही.

७. ४५ दिवसांबद्दलचा गैरसमज

‘४५ दिवसांनंतर काहीच मिळत नाही’ हे वाक्य प्रत्येक गेटवर ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. कोणत्याही १२ महिन्यांत ले-ऑफ ४५ दिवसांपेक्षा जास्त झाला, तर पुढील दिवसांची भरपाई थांबते ती कामगार आणि मालक यांच्यात तसा करार असेल तरच. करार नसेल तर भरपाई पुढेही देय राहते. म्हणून ले-ऑफच्या सुरुवातीला ‘सहकार्याचे संमतीपत्र’ म्हणून जो कागद सहीसाठी फिरवला जातो, त्यात ४५ दिवसांचा उल्लेख आहे का ते आवर्जून शोधा. वेतन कराराच्या शेवटच्या पानांवर ‘इतर अटी’ या शीर्षकाखालीही असे कलम दडलेले असू शकते.

४५ दिवसांनंतर मालक नियमानुसार कामगार कपात करू शकतो आणि आधीच्या १२ महिन्यांत दिलेली ले-ऑफची भरपाई कपातीच्या भरपाईतून वळती करू शकतो. सरकारी परवानगी लागणाऱ्या मोठ्या कारखान्यांना ही वळतीची सवलत नाही.

८. भरपाई नाकारण्याची कारणे आणि सहीचे सापळे

हजेरी सोडून आणखी दोन कारणांनी भरपाई नाकारता येते. त्याच कारखान्यात किंवा त्याच मालकाच्या त्याच गावातील अथवा ८ किलोमीटरच्या आतील दुसऱ्या कारखान्यात, विशेष कौशल्य किंवा पूर्वानुभव न लागणारे आणि तेवढ्याच वेतनाचे पर्यायी काम दिले, आणि तुम्ही ते नाकारले, तर भरपाई मिळत नाही. पर्यायी काम लेखी मागा. त्यात ठिकाण, काम आणि वेतन स्पष्ट असू द्या. वेतन कमी असेल किंवा अंतर जास्त असेल तर नकारही कारणासह लेखी द्या. ‘मला काम नको’ असे तोंडी उद्गार काढू नका. दुसरे कारण म्हणजे त्याच आस्थापनेच्या दुसऱ्या विभागात कामगारांनी संप केल्यामुळे किंवा उत्पादन मंदावल्यामुळे आलेला ले-ऑफ.

आता सह्यांविषयी. पुढील कागद समोर आले तर घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नका: कोरा किंवा तारखा न भरलेला रजेचा अर्ज, ‘तात्पुरता राजीनामा, काम आल्यावर पुन्हा घेऊ’ असा राजीनामा, ‘सर्व देणी मिळाली’ अशी पावती, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. तात्पुरता राजीनामा अशी कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. सही केलेला राजीनामा हा राजीनामाच असतो, त्यानंतर ले-ऑफची भरपाई नाही, कपातीची भरपाई नाही आणि पुन्हा घेण्याचे बंधनही नाही. साठलेली रजा स्वतःच्या इच्छेने वापरायची असेल तर जरूर वापरा, कारण रजेच्या दिवसाचे वेतन ले-ऑफच्या भरपाईपेक्षा जास्त असते. पण तो निर्णय तुमचा असू द्या आणि अर्जात तारखा तुमच्या हाताने भरलेल्या असू द्या.

९. ही कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा

• नियुक्तीपत्र, कायम केल्याचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत
• मागील किमान १३ महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या
• पगार जमा होणाऱ्या बँक खात्याचे त्याच काळातील विवरण
• पीएफच्या पासबुकाची प्रत (सेवेची सलगता दाखवायला हा सर्वात सोपा पुरावा आहे)
• ले-ऑफच्या प्रत्येक नोटिशीचा, नोटीस बोर्डासह काढलेला, तारीख दिसणारा फोटो
• हजेरीची वही, ईमेल, पोस्टाच्या पावत्या
• लागू असलेले स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे कारखान्याचे लेखी नियम) आणि चालू वेतन करार
• सुपरवायझर किंवा एचआरकडून आलेले व्हॉट्सअॅप संदेश, नंबर आणि तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन

फोन बदलला की चॅट जातात. स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

१०. भरपाई मिळाली नाही तर कोणत्या क्रमाने जायचे

मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवे. त्यात भरपाई आली नाही किंवा कमी आली, तर आधी कंपनीला मागणीपत्र द्या. त्यात ले-ऑफच्या तारखा, हजेरीच्या नोंदी, हिशेब आणि मागितलेली रक्कम एवढेच लिहा. नमुना असा: ‘मी आपल्या आस्थापनेत अमुक तारखेपासून कायम कामगार म्हणून कार्यरत असून माझा टोकन क्रमांक अमुक आहे. अमुक ते अमुक या काळात मला काम देण्यात आले नाही. या काळात मी दररोज नेमून दिलेल्या वेळी हजर होतो. औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ६७ नुसार साप्ताहिक सुट्ट्या वगळून अमुक दिवसांची भरपाई अमुक रुपये देय असून ती सात दिवसांत द्यावी, ही विनंती.’

२० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. वैयक्तिक तक्रार तिथे देता येते. अनेकांचा प्रश्न एकच असेल तर युनियनमार्फत कामगार उपायुक्त किंवा सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाणे सोयीचे ठरते. तिथे समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात. समेट झाला नाही तर त्यांचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. रेल्वे, बंदरे, खाणी अशा केंद्राच्या अखत्यारीतील उद्योगांसाठी केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जावे लागते; राज्याच्या कार्यालयात अर्ज दिला तर वेळ वाया जातो.

रक्कम निश्चित असेल आणि फक्त दिली जात नसेल, तर संहितेच्या कलम ५९ खाली वसुलीचा अर्ज हा अधिक थेट मार्ग आहे. त्यात सरकार वसुली प्रमाणपत्र देते आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. ‘कंपनी देणार आहे, थोडे थांबा’ या आश्वासनावर हे वर्ष निघून जाऊ देऊ नका. प्रत्येक कार्यालयात अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

११. कारखान्यात नसलेल्या, किंवा ५० पेक्षा कमी कामगार असलेल्यांसाठी

दुकान, गोदाम, आयटी कंपनी, लहान वर्कशॉप येथे कलम ६७ ची भरपाई लागू होत नाही, म्हणून तिथल्या मालकाला हवे तेव्हा बिनपगारी घरी बसवता येते असा समज आहे. तो बरोबर नाही. फायरस्टोन टायर कंपनीच्या मुंबईतील कारखान्यात संप झाल्याने दिल्लीच्या वितरण कार्यालयात माल पोहोचला नाही आणि तेथील काही कामगारांना ले-ऑफ दिला गेला. ते कार्यालय कारखाना नव्हते. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात सांगितले की कायद्यात, स्थायी आदेशांत किंवा नोकरीच्या करारात अधिकार दिलेला नसेल, तर मालकाला ले-ऑफ देता येत नाही आणि सर्वसाधारणपणे कामगार पूर्ण वेतनाला पात्र असतो. मात्र औद्योगिक वाद म्हणून प्रकरण आले असेल तर परिस्थिती पाहून न्यायाधिकरण कमी रक्कम ठरवू शकते. त्यामुळे अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी आधी नियुक्तीपत्र काढून त्यात काम नसताना वेतन थांबवण्याची अट आहे का ते वाचावे. हिंजवडीतील आयटी कंपन्यांत प्रकल्प नाही म्हणून ‘बेंच’वर बसवलेल्यांनाही हेच लागू आहे: करार चालू असेल आणि त्यात वेतन कमी करण्याची अट नसेल, तर पगार कमी करण्याआधी कंपनीने तुमची संमती मागितली पाहिजे, आणि ती द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचे.

१२. काम सुरू झाल्यावर, किंवा कपातीची नोटीस आल्यावर

काम पुन्हा सुरू झाल्याची सूचना मिळताच त्याच दिवशी हजर व्हा. उशीर झाला तर ती गैरहजेरी ठरते. पहिली पगारचिठ्ठी हाती आली की शिल्लक रजा, सेवेचे दिवस आणि पीएफची नोंद आधीच्या चिठ्ठीशी ताडून पाहा.

कपातीची वेळ आली तर, ३०० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यात एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेला वर्षाचा भागही पूर्ण वर्ष धरला जातो. मोठ्या कारखान्यात नोटीस तीन महिन्यांची असते आणि सरकारची परवानगी लागते. याशिवाय नव्या संहितेनुसार पुनर्कौशल्य निधीतून शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवी. साधारणतः त्या वर्गातील सर्वात शेवटी लागलेल्याला आधी कमी करायचे असते, म्हणून आपल्या विभागाची ज्येष्ठता यादी मागून घ्या. तुमच्यानंतर लागलेला कामगार कामावर असेल तर त्याचे नाव नव्हे, टोकन क्रमांक आणि रुजू होण्याची तारीख हरकतीत लिहा. त्याच्या नोकरीवर गंडांतर आणणे हा हेतू नसतो आणि कामगार अधिकाऱ्याला नोंद पडताळण्यासाठी तेवढे पुरते. बाकी राहिलेले वेतन कपातीच्या तारखेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास मागणीपत्रापासून पुढचा क्रम दहाव्या पायरीतलाच.